केवढ्याला पडलं?

मला घड्याळांचा नाद आहे असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "मोबाइलमध्ये वेळ दिसते, मग घड्याळ कशाला?" आणि दुसरा, "केवढ्याला पडलं?" पहिल्या प्रश्नाच्या वाटेला मी जात नाही. ज्याला हातात घड्याळ नको आहे, त्याला पटवून काय मिळणार? दुसरा प्रश्न मात्र मला आवडतो, कारण त्याचं पूर्ण उत्तर दुकानाच्या बिलावर कधीच नसतं.

मी बंगळुरूत कंटेंट रायटर आहे, पीजीमध्ये राहते, आणि माझ्याकडे सहा घड्याळं आहेत. सगळ्यांची किंमत एकत्र केली तरी एका बऱ्यापैकी फोनएवढी होणार नाही. पण त्यातलं प्रत्येक घेताना मी इतका विचार केलाय, की आई म्हणते, "एवढी चौकशी तू स्थळांची केलीस तर माझं काम होईल."

माझ्या फोनमध्ये एक नोट आहे. त्यात प्रत्येक घड्याळाची किंमत, सर्व्हिसिंगचा खर्च आणि ते आजवर साधारण किती दिवस घातलं, हे लिहिलेलं असतं. पैशाला दिवसांनी भागायचं, की आला दिवसाचा भाव. कॉलेजात असताना अकराशे रुपयांना घेतलेलं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू मी आजवर सुमारे ९०० दिवस घातलंय. म्हणजे दिवसाला सव्वा रुपया. हे मॉडेल १९८९ मध्ये आलं आणि अजूनही जवळपास तसंच विकलं जातं. वजन फक्त २१ ग्रॅम, सेल सात वर्षं चालेल असं कंपनी सांगते. याउलट ऑफिसमधल्या एका सीनियरकडून आठ हजारांना घेतलेलं जुनं सेइको ५ मी १६० दिवसच घातलंय. दिवसाला पन्नास रुपये. एवढ्यात आमच्या कोपऱ्यावर मसाला डोसा येतो.

आता गंमत बघा. सव्वा रुपयावालं कॅसिओ महिन्याला फार तर अर्धा मिनिट पुढेमागे होतं. पन्नास रुपयेवालं सेइको दिवसाला तेवढं सहज चुकू शकतं. शिवाय ते हातात नसेल तर दीड-पावणेदोन दिवसांत बंद पडतं. म्हणजे जास्त पैसे देऊन मी कमी अचूक घड्याळ घेतलं. असं का होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

२५ डिसेंबर १९६९ ला जपानमध्ये सेइकोनं ॲस्ट्रॉन नावाचं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत साडेचार लाख येन. तेवढ्यात तेव्हा एक लहान मोटार येत होती! आज तेच तंत्र एसटी स्टँडबाहेरच्या हातगाडीवर दोनशे रुपयांना मिळतं. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, मग तो दोनशेच्या घड्याळात असो की वीस हजारांच्या. बरोबर वेळ ही आता स्वस्त गोष्ट झाली आहे. म्हणून दोन-चार हजारांच्या वरचा प्रत्येक रुपया आपण वेळेसाठी देत नसतो. तो कशासाठी देतोय, हे ज्याचं त्यानं स्वतःला विचारायचं असतं.

काही वेळा तो काचेसाठी असतो, आणि काचेसाठी दिलेला पैसा मला पटतो. साध्या मिनरल काचेवर वाळूच्या कणानंही ओरखडा उठतो आणि तो मग जात नाही. सफायर काच सहसा ओरखडत नाही, पण जोरात आपटली तर फुटू शकते. जुन्या घड्याळांच्या प्लॅस्टिकच्या काचेवर नुसतं बघितलं तरी चरे पडतात असं वाटतं, पण थोडी टूथपेस्ट आणि मऊ फडकं घेऊन पंधरा मिनिटं घासलं की बारीक चरे निघून जातात. रविवारी दुपारी करायला माझं हे आवडतं काम.

बऱ्याचदा मात्र तो रुपया नावासाठी असतो. मॉलमध्ये कपड्यांच्या आणि पर्सच्या मोठ्या नावांची घड्याळं मिळतात, आठ-दहा हजारांची. मागचं झाकण उघडलं तर त्यातल्या कित्येकांत मियोटाचं साधं क्वार्ट्झ मशीन निघतं. मशीन चांगलंच असतं, तक्रार नाही. पण तशीच मशीन दीड हजाराच्या घड्याळांतही बसवलेली असतात. उरलेले पैसे डायलवरच्या चार अक्षरांचे. कुणाला ती अक्षरं हवी असतील तर जरूर घ्यावीत, फक्त आपण अक्षरं घेतोय हे माहीत असावं. सेलमधल्या '७० टक्के सूट'चंही तसंच. छापील किंमत मी बघतच नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांत ते घड्याळ खरोखर केवढ्याला विकलं जात होतं, तेवढंच बघते.

आणि घड्याळ ही गुंतवणूक असते, हे वाक्य कुणी ऐकवलं तर हसून सोडून द्या. जगात मोजक्या कंपन्यांची मोजकी मॉडेल्स तशी आहेत, पण ती तुमच्या-माझ्या पगारात येत नाहीत. बाकीची दुकानाच्या पायऱ्या उतरतानाच स्वस्त होतात. आई म्हणते, "त्यापेक्षा ग्रॅमभर सोनं घे." गुंतवणूक म्हणून बोलायचं तर आईचंच बरोबर आहे. म्हणून मी नव्यापेक्षा जुनं घेते. पहिल्या मालकानं ती घट सोसलेली असते.

जुन्याची गोष्ट निघाली की बंगळुरूत राहण्याचा फायदा कळतो. एचएमटीचा पहिला घड्याळ कारखाना याच शहरात, १९६१ मध्ये, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं सुरू झाला. पुढे टायटननं तासाभराच्या अंतरावरच्या होसूरला कारखाना टाकला आणि क्वार्ट्झचा जमाना आणला. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ मध्ये घेतला. पण इथल्या जुन्या पेठेत अजून असे कारागीर आहेत, जे डोळ्याला भिंग लावून एचएमटी उघडतात आणि आतले जुने सुटे भाग त्यांच्याकडे गोळ्यांच्या डब्यांत भरून ठेवलेले असतात.

त्यांच्यापैकीच एका चाचांकडून मी एचएमटी जनता घेतलं. अठराशे रुपये. रोज चावी द्यायची, आत सतरा ज्वेल्सचं मशीन, सेकंदाला पाच वेळा टिकटिक. आणि डायलवर आपले देवनागरी आकडे, १ ते १२. मला ते दिसल्याबरोबर हवं होतं, पण चेहरा कोरा ठेवून मी म्हटलं, "आधी उघडून दाखवा." हा एक नियम मी कुणालाही सांगेन. जुनं घड्याळ विकणारा मागचं झाकण उघडून दाखवायला तयार नसेल, तर नमस्कार करून निघायचं. आत गंज नाही ना, स्क्रूच्या खाचा झिजलेल्या नाहीत ना, एवढं आपल्यालाही दिसतं. मग कानाला लावायचं. टिकटिक एकसारखी हवी, लंगडी नको.

जुन्या घड्याळांच्या बाजारात 'मुंबई स्पेशल' म्हणून एक प्रकार ओळखला जातो. जुनं खरं मशीन घ्यायचं, त्यावर नव्यानं रंगवलेलं डायल बसवायचं आणि अस्सल म्हणून विकायचं. नारिंगी, मोरपंखी, तिरंगी, कारखान्यातून कधीच न निघालेले रंग. पन्नास वर्षांच्या घड्याळाचं डायल कालच छापल्यासारखं चकचकीत असेल, अक्षरांच्या कडा भिंगाखाली पसरलेल्या दिसत असतील, तर ते बहुधा त्यातलंच. संग्राहक त्याला हात लावत नाहीत. चाचांचं मत वेगळं आहे. "डायल तो कपड़ा है, मशीन देखो," ते म्हणतात. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. घालायलाच हवं असेल आणि दुकानदार 'डायल नवं आहे' असं सांगून सहाशेला देत असेल, तर आनंदानं घ्यावं. तेच 'ओरिजिनल' म्हणून तीन हजारांना विकणं ही फसवणूक.

हा सगळा अभ्यास मी स्वतःपुरता करत होते. गेल्या वर्षी तो घरच्या कामी लावायची वेळ आली.

बाबा ३१ मे ला निवृत्त होणार होते. त्यांच्या पिढीतल्या अनेकांसारखी त्यांचीही जन्मतारीख शाळेत नाव घालताना ठरलेली, १ जून. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी ते नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. तीस वर्षं पहाटे उठून, सायकलला कमरेएवढी लोखंडी चावी बांधून, ते गल्लोगल्ली पाणी सोडत फिरले. कुंभार गल्लीला सव्वापाच, पेठेत सहा, वरच्या वसाहतीला पावणेसात. पाच मिनिटं उशीर झाला तर बायका घागरी घेऊन दारात उभ्या आणि बाबांचा फोन वाजायला सुरुवात. वेळेशी इतका घट्ट संबंध असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आणि हा माणूस कायम एसटी स्टँडसमोरचं शे-दोनशेचं घड्याळ घालायचा. चेंबरमध्ये हात घातला की पाणी शिरायचं, वर्ष-दीड वर्षात ते बंद पडायचं, मग नवीन. त्यांचा याबाबतीत एकच विचार, घड्याळ म्हणजे चप्पल. झिजली की बदलायची. मी एकदा हिशोब केला. तीस वर्षांत वीस घड्याळं, सरासरी दीडशे रुपये धरले तर एकूण तीन हजार. दिवसाला २७ पैसे. माझ्या सहाही घड्याळांनी माना खाली घालाव्यात असा भाव.

त्यांचं 'खरं' घड्याळ कपाटात असायचं. लग्नात नानांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, दिलेलं एचएमटी. लग्नकार्याला तेवढं बाहेर यायचं. सात-आठ वर्षांपूर्वी ते बंद पडलं आणि 'कशाला उगीच खर्च' म्हणून तसंच राहिलं.

निवृत्तीला त्यांना एक चांगलं घड्याळ द्यायचं मी ठरवलं. पंधरा हजार बाजूला काढले. माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही, आणि म्हणूनच ती नीट लागावी असं वाटत होतं. पंधरा हजारांत बरंच काही येतं. सेलमध्ये एखादं स्विस नावाचं क्वार्ट्झ. जपानी ऑटोमॅटिक. माझा डोळा सिटिझनच्या इको-ड्राइव्हवर होता, उजेडावर चालणारं, ठरावीक मुदतीनं सेल बदलायची भानगड नाही. ज्या कंपनीनं एचएमटीला घड्याळं बनवायला मदत केली, तिचंच घड्याळ बाबांच्या हातात, ही कल्पना मला फार आवडली होती. पण ती मला आवडली होती. बाबांना काय, हे कुठं विचारलं होतं? आणि सरळ विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मला कशाला?"

म्हणून दिवाळीला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं मिरजेला उतरले ती सहा घड्याळं बरोबर घेऊनच. बाबांना म्हटलं, "ऑफिससाठी लेख लिहायचाय, रोज एक घालून बघा आणि कसं वाटतं ते सांगा." आमच्या घरात ऑफिसच्या कामाला नाही म्हणत नाहीत.

पुढचे सहा दिवस मी जे शिकले ते कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळालं नव्हतं. सेइको त्यांनी जेवताना काढून ठेवलं, जड लागतं म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी ते बंद पडलेलं बघून म्हणाले, "याच्यात काय बिघाड आहे?" बिघाड नाही, हातात नसलं की थांबतं, असं सांगितल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. टायटनवर आकड्यांऐवजी नुसत्या रेघा आहेत. पहाटेच्या अंधुक उजेडात त्यांनी ते तीन वेळा डोळ्यांजवळ नेलं. "आकडे का नाहीत?" मी म्हटलं, फॅशन. "मग वेळ अंदाजानं बघायची?" कॅसिओ हलकं म्हणून आवडलं, पण त्याची बटणं त्यांच्या बोटांना सापडेनात.

तेव्हा मी त्यांचा अंगठा नीट बघितला. तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवून तो मुळाशी जाड झालाय, पूर्ण वळत नाही. जनताची बारीक चावी फिरवताना त्यांना त्रास होत होता. मी न सांगता चावी देऊन ठेवू लागले. पण त्याच जनतावरची वेळ त्यांनी चष्मा न लावता, हात लांब धरून, एका नजरेत वाचली. पांढरं डायल, काळे काटे, बाराही आकडे. प्रत्येक घड्याळ परत देताना त्यांनी "केवढ्याला पडलं?" विचारलं, आणि मीही खरं तेच सांगितलं. सेइकोची किंमत ऐकून त्यांनी ते दोन्ही हातांनी परत दिलं.

आईनं आणखी एक गोष्ट सांगितली. शेजारचे काका निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून आज वार कुठला हे विचारतात. कामावर असताना वार आपोआप कळतो. अमुक गल्लीचं पाणी म्हणजे सोमवार.

इको-ड्राइव्ह बाद झालं. वाईट होतं म्हणून नाही. मला आवडलेल्या मॉडेलवर वार नव्हता, तारखेची खिडकी मुगाच्या दाण्याएवढी होती, आणि किंमत ऐकल्यावर ते नक्कीच कपाटात जाऊन नानांच्या एचएमटीशेजारी बसलं असतं. कपाटातल्या घड्याळाचा दिवसाचा भाव कधीच उतरत नाही.

मी घेतलं ते दोन हजार चारशेचं देशी क्वार्ट्झ. पांढरं डायल, ठसठशीत आकडे, वार आणि तारीख दोन्ही, रात्री काट्यांना थोडी चमक. पाठीमागे ५० मीटर लिहिलेलं. याचा अर्थ ते घालून ५० मीटर खोल जायचं असा नाही. नुसतं ३० लिहिलेलं असेल तर पावसाचे शिंतोडे आणि हात धुण्यापुरतंच समजावं. नवा पट्टा मी चाचांकडूनच बसवून घेतला, ओढून सरळ बंद होणारा. अंगठ्याला बकलाशी झटापट नको.

त्याच फेरीत नानांचं एचएमटीही चाचांकडे दिलं. आतलं तेल सुकून घट्ट झालं होतं, बाकी मशीन ठणठणीत. साफसफाई, तेल, नवी काच मिळून साडेसहाशे रुपये. बाजारात तसं घड्याळ दोन हजारांत मिळतं, त्याच्यावर साडेसहाशे घालावेत का, असा प्रश्न हिशोबी माणसाला पडेल. मला पडला नाही. पण ते कुणाच्या हातावर जाणार, याचा अंदाज मात्र मला आला नव्हता. मला वाटलं होतं बाबा नाही म्हणतील आणि मग ते माझ्याकडे येईल. जुनी पुरुषी घड्याळं ३४-३५ मिलिमीटरची असतात, आजच्या मुलींच्या हातावर अगदी बेताची दिसतात. मनातल्या मनात मी त्याला सातवा नंबरही देऊन टाकला होता.

आईनं ते माझ्या हातातून घेतलं, कानाला लावलं आणि सरळ मनगटावर चढवलं. "माझ्या वडिलांनी दिलंय," ती म्हणाली. त्यावर कोण काय बोलणार? आता रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की ती चावी देते. चहाला उकळी येईपर्यंत बरोबर चावी होते म्हणे. घड्याळ दिवसाला मिनिटभर पुढे जातं. चाचांना सांगून ठीक करून आणते म्हटलं तर नको म्हणाली. "पुढे जातंय ना? मागे तर पडत नाही."

बाबांनी त्यांचं घड्याळ ३१ मे ला संध्याकाळी घातलं, सत्काराचा नारळ आणि शाल खुर्चीवर ठेवून झाल्यावर. तेव्हापासून ते रोज त्यांच्या हातात असतं. बिल त्यांनी पाकिटात घडी करून ठेवलंय, दोन वर्षांची वॉरंटी आहे म्हणून. पंधरा हजारांतले उरलेले कुठे गेले, हे आईला माहीत आहे आणि तिनं त्याची आरडी करायला लावली आहे.

जूनमध्ये मी फोनवर बाबांना माझ्या नोटचा हिशोब वाचून दाखवला. त्यांची तीस वर्षांची सरासरी २७ पैसे. दोन हजार चारशेचं घड्याळ त्या भावाला यायचं तर ते रोज, एकही दिवस न चुकवता, चोवीस वर्षं घालावं लागेल. तेव्हा ते ८२ वर्षांचे असतील.

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "सेलचे पैसे धरलेस का यात?"

म्हटलं, ते वेगळे.

"मग सत्तावीस पैशांत कसं बसणार? पंचवीस-सव्वीस वर्षं तरी धर."

मी तसं लिहून ठेवलंय.